करसवलत हवी, ती टिकणारी

दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर रद्द झाला. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. आमवात, प्रमेह यांसारख्या चिरकारी व्याधींत महिनोन्महिने औषधे घ्यावी लागतात. अशा कुटुंबाला एवढा फरकही जाणवतो. दरातील ही घट रुग्णाच्या देयकात उतरविणे हे औषधनिर्माते व वैद्य या नात्याने आपलेही कर्तव्य आहे.

तथापि, ही सवलत टिकणार किती? जी अधिसूचनेने मिळाली, ती अधिसूचनेने परतही जाऊ शकते. लक्षणे शमली म्हणजे व्याधी बरी झाली, असे आपण वैद्य मानत नाही. निदानपरिवर्जन न झाल्यास तिचा पुनरुद्भव ठरलेलाच असतो.

प्रत्यक्ष करांच्या बाबतीत मूळ हेतू महागाई हा आहे. जुन्या प्राप्तिकर प्रणालीतील अडीच लाखांची करमुक्त मर्यादा २०१४ साली ठरली. पुढील दहा वर्षांत ती तसूभरही वाढली नाही. या काळात दवाखान्याचे भाडे वाढले, मदतनिसाचे वेतन वाढले, मुलांचे शिक्षणशुल्क वाढले. छोट्या व्यावसायिकाचे उत्पन्न कागदावर वाढले, क्रयशक्ती मात्र तेवढी वाढली नाही. दर न वाढविता कर वाढतो, तो असा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत सर्वसाधारणपणे बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, हे खरे. परंतु ही मर्यादाही महागाईशी जोडलेली नाही. तिची झीज होणारच.

यावर उपाय अशक्य नाही. अमेरिकेत प्राप्तिकराचे टप्पे १९८५ पासून महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढविले जातात. आपल्याकडेही स्थैर्याचा दाखला आहे. आपण सारे भरतो त्या व्यवसाय कराची वार्षिक २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात १९८८ साली घातली गेली. त्यामुळे त्या कराची धास्ती कोणाही वैद्याला वाटत नाही.

शासकीय रुग्णालये करांच्या महसुलावरच चालतात, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु करमुक्त मर्यादेची महागाईशी सांगड घातल्याने शासनाचा हक्काचा महसूल बुडत नाही. केवळ न सांगता वाढणारा कर थांबतो.

अर्थसंकल्पाच्या दिवशी मिळणाऱ्या सवलतीची वाट पाहत कोणी रसशाळा उभारत नाही, की मुलांच्या शिक्षणाची तरतूद करीत नाही. त्यासाठी पुढील दहा वर्षांचा भरवसा लागतो. म्हणून सवलत थोडी असली तरी चालेल, पण ती कायद्याने स्थिर व महागाईशी निगडित असावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. आपल्या संघटनेने ती शासनदरबारी सातत्याने मांडावी.