धंद्याचा ई-मेल पत्ता: दाखवायचा कुठे, जपायचा कुठे

घरातला धंदा थोडा वाढला की व्हिजिटिंग कार्ड छापले जाते आणि त्यावर ई-मेलचा पत्ता येतो. मग तोच पत्ता बँकेत जातो, जीएसटीच्या नोंदणीत जातो, फेसबुकच्या पानावर लागतो, प्रदर्शनात कुणाच्या तरी वहीत लिहिला जातो. काही महिन्यांत रोज सकाळी पत्रांचा ढीग दिसू लागतो: कर्ज घ्या, वेबसाइट करून घ्या, लाखो गिऱ्हाइकांची यादी स्वस्तात घ्या. यालाच स्पॅम म्हणतात. ढीग उपसण्यात वेळ जातो हे खरे, पण मोठे नुकसान वेगळेच आहे. दुबईच्या व्यापाऱ्याने कोकम आगळाचा भाव विचारणारे पत्र पाठवले आणि ते त्या ढिगाखाली राहिले, तर गेलेली ऑर्डर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा त्रास जुना आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीचे पत्र धाडले, ते पहिले स्पॅम मानले जाते. एक पत्र पाठवा की लाख, खर्च जवळपास सारखाच, म्हणून ते थांबत नाही. पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम वेबसाइटची पाने चाळतात आणि ‘ॲट’चे चिन्ह दिसले की आजूबाजूची अक्षरे उचलतात. ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ने सुरू होणारा पत्ता तर त्यांना शोधावाही लागत नाही, अंदाजानेच सापडतो.

म्हणून सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे दोन पत्ते. एक दुकानाच्या पाटीसारखा, कार्डावर आणि जाहिरातीत द्यायचा. दुसरा गल्ल्याच्या किल्लीसारखा, फक्त बँक आणि सरकारी कामासाठी. तो कुठेही छापायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. पाटीच्या पत्त्यावर बँकेच्या नावाने ‘केवायसी करा’ असे पत्र आले की ते खोटे हे न उघडताच कळते, कारण बँकेला तो पत्ता दिलेलाच नाही. एवढ्यासाठी तरी दुसरा पत्ता काढावा. खर्च काही नाही.

जीमेल वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, जसे ‘आगळवाले+प्रदर्शन’, तरी पत्र आपल्याच पेटीत येते. पुढे त्या पत्त्यावर भलत्याच लोकांची पत्रे येऊ लागली, तर पत्ता कुठून फुटला ते समजते. काही ठिकाणचे फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत, तेव्हा अडून बसू नका.

अनोळखी पत्राच्या तळाशी ‘अनसबस्क्राइब’ असते. ज्या दुकानाकडे आपण स्वतः नाव नोंदवले, तिथे ते दाबायला हरकत नाही. बाकीच्यांना नुसते ‘रिपोर्ट स्पॅम’ करा. तिथे अनसबस्क्राइब दाबणे म्हणजे पत्ता चालू असल्याची पावती देणे. मात्र स्पॅमची पेटी दोन दिवसांतून एकदा पाहायलाच हवी. जीमेलमध्ये तिथली पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि नव्या गिऱ्हाइकाचे पहिले पत्र अनेकदा तिथेच पडते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला हे काम द्या, पण लिंक उघडायची नाही हे आधी बजावून.

ईदच्या शुभेच्छांचेही सांगायला हवे. दीडशे गिऱ्हाइकांना एकच पत्र पाठवताना सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये टाकले, तर प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते मिळतात. पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पत्ता ही अमानत आहे, आणि तुमच्या पत्राला पाच जणांनी स्पॅम म्हटले तर पुढची बिलेही त्याच पेटीत जाऊ लागतील.

आता सर्वांत घातक पत्र. ते स्पॅमसारखे दिसतच नाही. नेहमी माल देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने, नेहमीच्या भाषेत येते: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरा.’ पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते, कधी तेही नसते, कारण समोरच्याची पेटीच चोराच्या हाती गेलेली असते. अशा पत्राला उत्तर देऊ नका. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करा आणि त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. उशीर झाला की रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पसरते आणि थांबवणे कठीण होते.

आणखी एक काम या आठवड्यात करा. जीएसटी नोंदणीत कुणाचा ई-मेल आणि मोबाइल आहे ते पाहा. बऱ्याच ठिकाणी नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराचाच असतो, मग ओटीपी आणि नोटिसा त्याच्याकडे जातात. पोर्टलवरून तो बदलता येतो. तिथे आपला दुसरा, न छापलेला पत्ता घाला.