भाच्याची पिकअप आणि माळशेजचा उतार

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत मोटारीवर बोलणारा एक तरी असतोच. आमच्याकडे तो मान भाच्याचा. जुन्नरहून माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी आणायला त्याने जीपच्या सांगाड्यावरची एक जुनी पिकअप घेतली आहे. चकली मोडत तो म्हणाला, "मामा, सपाट रस्त्याला इंजिन नुसतं बोंबलतं. मागची क्राऊन-पिनियन बदलून टाकू का? पेट्रोल तरी वाचेल."

वाचकहो, आम्ही कागद-पेन्सिल मागवली. महिंद्रांनी पुष्कळ वर्षे इथे बनवलेली सीजे-३बी जीप घ्या. तिच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. चाकाची उंची २८ इंच धरली, तर टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २४०० फेरे पडतात. ४.८८ ची जोडी घातली तर २२०० पडतील. फायदा अवघा दोनशेचा! शिवाय पुढच्या चाकांनाही जोर देणारी गाडी असेल, तर पुढची जोडीही बदलावी लागते. नाहीतर फोर-व्हील घालताच पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडू लागतात. आणि एवढे करून चढावरची ताकद कमी होते ती होतेच.

"मग लो गिअर आहे की," भाचा म्हणाला.

आहे. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, तिच्यातला लो जोर अडीचपट करतो. फर्स्टला एरवी इंजिनाचे १५ फेरे चाकाच्या एका फेऱ्याला लागतात, ते लोमध्ये ३७ होतात. चिखलाच्या बांधावर हे वरदानच. पण या जीपमध्ये लो घालायचा तर पुढची चाकेही जोडावी लागतात. कोरड्या डांबरावर, वळणावळणाच्या घाटात ते करू नये.

मग उरतो ओव्हरड्राइव्ह. जुन्या जीपसाठी अमेरिकेत असे जोड गिअर निघाले होते. सपाटीला इंजिनाचे फेरे चतुर्थांशाने कमी, म्हणजे २४०० चे १८००. क्राऊन-पिनियनला हात लावावा लागत नाही. चांगला नग मिळाला तर आमचे मत यालाच.

मात्र एक सांगितल्यावाचून आम्हाला राहवले नाही. सेकंडमध्ये ताशी ३० ने उतरताना इंजिनाचे १९०० च्या आसपास फेरे होतात आणि तेच गाडीला धरून ठेवते. ओव्हरड्राइव्ह चालू राहिला तर ते १४०० होतात, धरही तितकाच ढिला पडतो, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तो उतारावर बदलू गेलात आणि दात बसले नाहीत, तर गाडी न्यूट्रलमध्ये! मागे दहा क्विंटल भाजी, समोर माळशेजचे वळण. म्हणून ओव्हरड्राइव्ह माथ्यावरच, गाडी सपाटीला असताना काढायचा.

"आणि हँडब्रेक?" आतून ताईने विचारले. प्रश्न बिनतोड होता. ज्या ट्रकांचा हँडब्रेक मुख्य गिअरबॉक्सच्या शेवटाला आणि जोड गिअरबॉक्स त्याच्याही मागे असतो, तिथे जोड गिअर न्यूट्रलला राहिला तर हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. जीपचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असल्याने तिथे ही भीती नाही. तरी दगड लावावाच.

भाच्याने कागद घडी करून खिशात घातला. क्राऊन-पिनियनला ठेवलेल्या पैशांतून आधी ब्रेकचे लायनर बदलतो म्हणाला, आणि करंज्यांचे ताट पुढे ओढले.