पेटीच्या पट्टीचे वजन कोणाच्या नावावर?

(द्वितीय वर्ष, कला)

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या वाडीतल्या भजनमंडळाची पेटी उघडावी लागते. पावसाने लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासू लागतात, दाबलेली पट्टी वर यायला तयार होत नाही. यंदा कारागीर आले तेव्हा त्यांच्या हाताशी बसण्याचे काम माझ्याकडे आले. झाकण काढून त्यांनी एकेक पट्टी नुसती बोटाने दाबून पाहिली. भाता हलवलासुद्धा नाही. मध्येच म्हणाले, "ही जड झालीय, नि ही पार हलकी." मला दोन्ही सारख्याच वाटल्या. त्यांनी तारेची स्प्रिंग चिमट्याने किंचित वाकवली, पट्टी दाबली, पुन्हा वाकवली. दुपार त्यातच गेली. न राहवून मी विचारले, "काका, किती जड हवी याचे माप कुठे लिहिलेले असते?"

"लिवतंय कोण?" ते म्हणाले, "बोटाला कळतं."

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या वाचनात आले की, विजेवर चालणाऱ्या पियानोच्या पट्टीला वजन कसे आणावे यावर यामाहा, रोलँड, कावाई अशा जपानी कंपन्यांची पेटंटे आहेत. त्या पियानोत तारा नसतात, म्हणून पट्टीखाली लहानसा हातोडा बसवून खऱ्या पियानोचा जडपणा बोटाला भासवतात. खर्जाकडे पट्टी जड, तारसप्तकाकडे हलकी. हे वाचले आणि काकांचा चिमटा डोळ्यांपुढे आला. पट्टीचे वजन एखाद्याच्या नावावर होऊ शकते का? आणि व्हावे का?

प्रथम हे वजन म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी पेटी ऐकली असली तरी उघडून पाहिली नसेल. पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक भोक असते. त्याच्या आत पितळी सूर. भोकावर चामड्याची वा फेल्टची गादी बसते आणि स्प्रिंग ती दाबून धरते. पुढून पट्टी दाबली की मागचे टोक उचलले जाते, हवा सुटते, सूर बोलतो. स्प्रिंग सैल असेल तर हवा गळून सूर आपोआप वाजत राहतो. ताठ असेल तर रात्रभराच्या भजनात वाजवणाऱ्याची बोटे भरून येतात. या दोहोंमधली जी बारीक जागा, तिथे कारागिराची सारी विद्या!

आता कायदा. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. २००२ आणि २००५ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. शोध नवा हवा, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचणारा नसावा, आणि उद्योगात वापरता यावा, या त्याच्या अटी. ठाऊक असलेल्या साधनांची नुसती मांडणी बदलली तर तो शोध नव्हे. परंपरेने चालत आलेले ज्ञान हाही शोध नव्हे. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते. (केवळ बाह्य रूपासाठी डिझाइनचा वेगळा कायदा आहे, २००० सालचा. पट्टी आतून कशी चालते याच्याशी त्याला कर्तव्य नाही.)

कारखान्यातली सुधारणा आणि खरा शोध यांच्यातली रेषा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका भांड्यांच्या खटल्यात स्पष्ट केली. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेने लेथवर भांडे पक्के धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. न्यायालयाचे म्हणणे पडले की, जुन्याच यंत्रात कुशल कामगार करील तेवढाच हा फेरफार आहे, यात बुद्धीची नवी झेप नाही. पेटंट टिकले नाही. हाच न्याय लावला तर स्प्रिंगेची तार थोडी जाड घेतली, पट्टीचा टेकू अर्धा इंच मागे नेला, एवढ्यावर कोणाला पेटंट मिळू नये. मला हे रास्त वाटते. नाहीतर गावोगावचे दुरुस्तीवाले उद्या गुन्हेगार ठरतील.

पण म्हणून वाद्यात पेटंट नकोच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पेटीचा इतिहासच पाहा. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा इतरांना आपली वाद्ये निराळ्या नावांनी विकावी लागली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी जमिनीवर बसून, एका हाताने भाता हलवून वाजवण्याजोगे रूप तिला दिले, आणि ती आपल्या देवळांत व नाटकांत शिरली. तथापि तिचे बारा स्वर पक्के बांधलेले, आपल्या श्रुती तिच्यात मावत नाहीत, ही तक्रार राहिलीच. १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली होती. पण ती रुळली नाही.

यापुढचा दुवा आपल्या तालुक्यातून जातो, याचा मला अभिमान वाटतो. पंडित गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) हे आपल्या अडूर गावचे. त्यांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आणि तिचे पेटंट घेतले. पट्ट्या नेहमीच्याच बारा. पण षड्ज व पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, आणि पट्टीखालची खुंटी ओढली की त्यातली हवी ती निवडता येते. दहा दुणे वीस आणि दोन, बावीस! हे स्प्रिंग वाकवणे नव्हे. जे वाद्य करू शकत नव्हते ते त्याच्याकडून करवून घेणे आहे. अशा माणसाला काही वर्षांचा हक्क मिळाला तर कोणाचे काय बिघडते?

आणखीही एक गोष्ट आहे. पेटंट घेणाऱ्याला आपली युक्ती आकृतीसह उघड करावी लागते. मुदत संपली की ती सर्वांची. आपल्याकडे याच्या उलट घडत आले. उस्तादाने चीज झाकून ठेवली, कारागिराने रोगणाची कृती मुलालाही सांगितली नाही, आणि दोघांबरोबर ती चितेवर गेली.

मला भीती आहे ती निराळीच. आपल्या कायद्याने एक दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि 'हे ज्ञान आमच्या समाजात तोंडी चालत आले आहे' असेही त्यात सांगता येते. मात्र ते शाबीत करावे लागते. ज्या काकांना विजेच्या बिलावरचे इंग्रजी वाचून घ्यायला माझ्यासारखा पोरगा लागतो, ते मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाऊन काय दाखवणार? बोट? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, म्हणून हे मला जरा जास्तच टोचते. कायद्याला कागद कळतो, आणि आमची माणसे कागदाला भितात.

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे. दुसऱ्या वर्षाला आपण जे प्रकल्प करतो, ते बहुधा ग्रंथालयातल्या जुन्या प्रकल्पांवरूनच उतरतात (हे लिहिल्याबद्दल मित्र मला माफ करोत). त्याऐवजी तालुक्यातले पेटी दुरुस्त करणारे, मृदंगाला शाई भरणारे, होड्या बांधणारे यांच्याकडे आम्हाला पाठवावे. कोणते लाकूड, किती जाड तार, कोणत्या महिन्यात काय बिघडते, हे तारीखवार लिहून ग्रंथालयात ठेवावे.

मी आरंभ केला आहे. परवा वही घेऊन काकांकडे गेलो. पट्टीवर एकेक नाणे ठेवत गेलो आणि कितव्या नाण्याला पट्टी खाली बसते ते टिपले. त्यांनी नीट केलेल्या ओळीने आठ पट्ट्या पाहिल्या. सातांना नाणी सारखीच लागली, आठवीला एक कमी. मी तसे सांगताच त्यांनी चष्मा लावला, ती पट्टी दोनदा दाबली आणि चिमटा मागितला.