ट्रॅक्टरची पुढील चाके आणि पिकाच्या ओळी

बैलांवर शेती करणारा शेतकरी नांगरटीसाठी एक जू वापरतो आणि कोळपणीसाठी दुसरे, अधिक लांब जू काढतो. कोळपणीच्या वेळी दोन्ही बैल ओळींच्या मधून चालले पाहिजेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तिफणीच्या फणांतील अंतर आणि कोळप्याच्या पासेची लांबी यांचा मेळही तो आपल्या आपणच घालतो. परंतु तोच शेतकरी ट्रॅक्टर विकत घेतो, तेव्हा विक्रेत्याने चाके ज्या अंतरावर बसवून दिली त्याच अंतरावर ती वर्षानुवर्षे राहू देतो. वस्तुतः दोन चाकांतील अंतर हेच ट्रॅक्टरचे जू होय. ते कमीअधिक करण्याची सोय कारखान्याने पुढील आसालाच ठेवलेली असते. ती भोके गंजून चिखलाने बुजलेली असतात, एवढेच.

जुन्या ट्रॅक्टरांतही ही सोय होती. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर मुंबईत कांदिवली येथे तयार होऊ लागला. १९६० मध्ये मद्रासेत स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनची यंत्रे आणली. या उद्योगातील भागीदार व्होल्टासचे कार्यालय लालबागला लागून असलेल्या चिंचपोकळीस आहे. लालबाग-परळची जुनी ओळख मात्र गिरण्यांची. तेथील सूतखात्यात कापसाच्या तंतूची लांबी बदलली की रुळांमधील अंतर बदलावे लागे. आखूड तंतूचा आणि लांब तंतूचा कापूस एकाच मांडणीवर कातावा, असे कोणत्याही फिटरने म्हटले नसते. १९८२ च्या संपानंतर त्या खात्यांतील कितीतरी माणसे गावी परतली. ज्या गावात असा एखादा वृद्ध कामगार असेल, तेथे ट्रॅक्टरच्या मांडणीचे काम त्याच्या देखरेखीखाली करून घेण्यास हरकत नाही. मापाची शिस्त त्याच्या हातात असते.

मांडणी न बदलल्याने काय होते, हे कपाशीच्या उदाहरणावरून समजेल. ओळींत ९० सेंटिमीटर अंतर आहे आणि चाकांत, मध्यापासून मध्यापर्यंत, ४८ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर अंतर आहे, असे समजू. दोन ओळी पोटाखाली घेऊन ट्रॅक्टर चालविला, तर प्रत्येक ओळ ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून ४५ सेंटिमीटरवर आणि चाकाचा मध्य ६१ सेंटिमीटरवर येतो. मागील टायर १२ इंच रुंद असेल, तर त्याची आतील कड ४६ सेंटिमीटरवर, म्हणजे अगदी झाडाच्या बुंध्याशी येते. चालक कितीही निष्णात असला तरी येथे त्याचा इलाज नाही. तेच अंतर ७२ इंच केले, तर चाके जवळजवळ नेमकी ओळींच्या मधोमध चालतात.

हिशेब सोपा आहे. चाकांतील अंतर हे ओळींतील अंतराच्या पूर्ण पटीत असावे. ६० सेंटिमीटरच्या ओळींना दुप्पट, म्हणजे ४८ इंच. ९० सेंटिमीटरच्या ओळींना दुप्पट, म्हणजे ७२ इंच. रुंद वरंबा-सरी पद्धतीत दोन सऱ्यांचे मध्य १५० सेंटिमीटरवर असतील, तर ६० इंच. सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटरच्या ओळींना तिप्पट घेतल्यास ५२ इंच जुळतात खरे. परंतु एवढ्या चिंचोळ्या जागेत मागील रुंद टायरच्या दोन्ही अंगांना जेमतेम सात-सात सेंटिमीटर उरतात. तेथे पट्टा पद्धतीने चाकांसाठी ओळ रिकामी सोडणेच शहाणपणाचे. नांगरटीची गोष्ट निराळी. उजवी चाके तासात चालावयाची असल्याने ती मांडणी नांगर आणि टायर पाहून पुस्तिकेप्रमाणे करावी.

प्रत्यक्ष काम दोन माणसांचे आहे. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर उभा करून ब्रेक लावावा आणि मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे द्यावेत. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच रॉकेल किंवा डिझेल सोडून ठेवावे. घणाने ठोकू नये. पुढील आस मध्यावर एका खिळीवर झुलता असतो. म्हणून केवळ मधोमध जॅक लावून काम करणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंस भक्कम ठोकळे अवश्य द्यावेत. बोल्ट काढल्यावर आसाची दोन्ही टोके सारखीच भोके मोजून बाहेर किंवा आत सरकवावीत. एकच बाजू सरकविली तर ट्रॅक्टर एकीकडे ओढू लागतो आणि चालकाचे हात व टायर दोन्ही झिजतात.

जुन्या फर्ग्युसन धाटणीच्या आसाची एक खुबी सांगण्यासारखी आहे. त्याचे दोन्ही भुजदंड मागे वळलेले असून सुकाणूचे दांडे त्यांना समांतर धावतात. त्यामुळे अंतर चार-चार इंचांनी बदलले, तरी सुकाणूची जुळणी सहसा बिघडत नाही. ज्या यंत्रात दोन्ही चाकांना जोडणारा एक सलग दांडा असतो, तेथे मात्र त्या दांड्याची लांबीही तितकीच बदलावी लागते. त्यानंतर चाकांच्या मध्याच्या उंचीवर पुढे आणि मागे टेपने मोजावे. पुस्तिकेत सांगितले असेल तितके, म्हणजे फार तर काही मिलिमीटर, पुढील माप कमी असावे. तासभर काम झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. भोके झिजून लांबट झाली म्हणून आसाची टोके वितळजोडाने कायमची चिकटविण्याची चाल कित्येक ठिकाणी दिसते. ती पूर्णपणे त्याज्य आहे. बोल्टाचा खर्च वाचतो, परंतु ट्रॅक्टर कायमचा एकाच पिकाचा होऊन बसतो.

मागील चाकेही त्याच मापाला आणल्याखेरीज हे सारे व्यर्थ होय. धाव आणि तबकडी उलटसुलट बसवून ती मांडता येतात. मात्र टायरावरील नक्षीची दिशा उलटी होऊ देऊ नये. पुढील चाके रुंद केली की उतारावर ट्रॅक्टर उलटत नाही, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. पुढील आस झुलता असल्यामुळे आडव्या उतारावर आधार मुख्यत्वे मागील चाकांच्या रुंदीचा असतो.

खरी अडचण यंत्राची नसून भाड्याच्या व्यवहाराची आहे. लहान शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने आणतो. त्याच्या ओळी एका मापाच्या, शेजाऱ्याच्या दुसऱ्या मापाच्या. प्रत्येक बांधावर अर्धा दिवस मोडून चाके सरकविणे मालकाला परवडत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. तुडवली जाते ती मात्र भाडे देणाऱ्याची ओळ. म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक कोळपणीच्या वेळी न घेता पेरणीपूर्वी घ्यावे. शिवारातील शेतकरी आणि ट्रॅक्टरमालक यांना एकत्र बसवून त्या हंगामापुरते प्रत्येक पिकाचे एकच अंतर ठरवून द्यावे आणि पेरणी यंत्राचे फणही त्याच मापाला लावून घ्यावेत. ठरलेले माप मालकाने चाकावरील पत्र्यावर रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे चालक बदलला तरी घोटाळा होणार नाही. या बैठकीस रोहिणी नक्षत्राहून अधिक उशीर चालणार नाही. मृगात पेरणी सुरू झाली की ओळी ठरून गेलेल्या असतात.