चित्तभ्रम आणि बुडालेली मजुरी
चित्तभ्रम गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धसत्य होय. ऐन विशीतल्या मुलाला भास होऊ लागले, की शहरातील सधन कुटुंब तज्ज्ञाचे दार गाठते. पोंभुर्ण्याच्या भातशेतीत राबणाऱ्या, तेंदूच्या हंगामावर विसंबणाऱ्या घराला चंद्रपूरची एक फेरी म्हणजे दोघांचा रोज बुडणे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय तर दीडशे किलोमीटरांहून दूर. साहजिकच जाणे लांबते, आणि जितका विलंब तितके सावरणे कठीण.

औषधाने भास ओसरतात. परंतु काम सुटलेल्या, आपण घराला भार झालो असे मानणाऱ्या मनाची खिन्नता गोळीने जात नाही. उपचारासाठी रुग्णास दूर जावे लागू नये, दारिद्र्यरेषेखालील रुग्णास ते मोफत मिळावेत, ही जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासनावर टाकली आहे. ती पार पाडावयाची तर तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञाची नियमित तपासणी हवी आणि बऱ्या होणाऱ्याच्या हाताला पुन्हा कामही हवे. ज्या गोळीसाठी दिवसाची मजुरी गमवावी लागते, तिला मोफत कसे म्हणावे?