प्रतिजैविक मलमें व शेतकरी

भातावरील करपा, खोडकिडा, गुरांचा लाळ-खुरकुत यांविषयीं आमच्या मासिकांत दरसाल लिहून येतें, व तें येणें योग्यच आहे. परंतु ज्या हातांनीं आवण लावावयाचें व ज्या पायांनीं चिखल तुडवावयाचा त्या हातापायांच्या कातडीविषयीं एक ओळहि सहसा कोणी लिहीत नाहीं. पावसाळ्याचे चार महिने आपल्या भागांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणें, पोटऱ्यांवर पुळ्या येणें, मुलांच्या नाकाखालीं पिवळ्या खपल्या धरणें व जांघेंत नायटा पसरणें या गोष्टी इतक्या नित्याच्या झाल्या आहेत कीं, त्यांस रोग म्हणावें असेंहि कोणास वाटत नाहीं. या सर्वांवर घरोघर एकच उपाय सांपडतो. तो म्हणजे औषधाच्या दुकानांतून आणलेली मलमाची ट्यूब. तिच्या उपयोगाविषयीं आमचें मत आज स्पष्ट मांडावें असें योजिलें आहे.

मीरा रोड हें नांव उच्चारलें कीं आतां ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उंच इमारतीच उभ्या राहतात. तथापि राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, उत्तन या पश्चिमेकडील गांवांत व पूर्वेस घोडबंदर, चेणें, काशी या बाजूस शेती, मिठागर वा गुरें यांशीं नातें राखून असलेलीं घराणीं अद्याप आहेत. खारें पाणी, ओली माती व अंगावरच वाळणारे ओले कपडे हीं तीन एकत्र आलीं म्हणजे कातडी चिरणारच. पूर्वीं अशा वेळीं हळद, चुना वा करंजाचें तेल लावीत. आम्ही त्या जुन्या उपायांचे कैवारी नाहीं. योग्य जागीं योग्य मलम लागलें तर पांचसात दिवसांत गुण येतो, हें खरें आहे. आमची तक्रार मलमाविरुद्ध नसून तें घेण्याच्या रीतीविरुद्ध आहे.

ही रीति कोणासहि पाहतां येईल. स्टेशनापासून कोणत्याहि रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे औषधाचें दुकान फार वेळ शोधावें लागत नाहीं. “पायाला झालंय, ट्यूब द्या,” असें गिऱ्हाइकानें म्हणावें, दुकानदारानें फळीवरून हातास येईल ती ट्यूब काढून द्यावी, व दोघांनींहि त्या पायाकडे ढुंकून पाहूं नये, असा हा व्यवहार आहे. बांधावर न जातां चावडींत बसून पीकपाहणी लिहिणाऱ्या तलाठ्यास आपण नांवें ठेवितों. येथें तर पाहणी नाहीं व नोंदहि नाहीं.

रोग ओळखल्यावांचून औषध देण्यांत काय चुकतें, हें भात पिकविणाऱ्यास फार समजावून सांगावयास नको. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडले तर तो करपा, व तो बुरशीचा. पानाची कड टोकाकडून पिवळी पडून वाळत खालीं आली तर तो कडाकरपा, व तो जंतूंचा. एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं, व चुकीच्या औषधाचा पैसा पाण्यांत जाऊन वर रोगास आठ दिवस मोकळे मिळतात. माणसाच्या कातडीचें असेंच आहे. मधासारख्या पिवळट खपल्यांचे फोड, केसांच्या मुळाशीं उठलेल्या पिकट पुळ्या व खरचटून वर वर पिकलेली लहान जखम हीं जंतूंचीं कामें. नायटा बुरशीचा, चिखल्यांतहि बहुधा बुरशीच असते. खरूज ही डोळ्यांस न दिसणाऱ्या एका किडीची. आणि इसब तर मुळांत कोणत्याच जंतूमुळें होत नाहीं. प्रतिजैविक मलमाचा अधिकार यांपैकीं पहिल्या वर्गापुरताच चालतो. नायट्यावर तें महिनाभर चोळलें तरी नायटा जागचा हलत नाहीं.

या वर्गांत आपल्याकडे मुख्यतः म्युपिरोसिन, फ्युसिडिक ॲसिड व फ्रॅमायसेटिन हीं नांवें आढळतात. ज्या स्युडोमोनास फ्लुरोसन्स जंतूची भुकटी आपण बीजप्रक्रियेस वापरतों, त्याच जातीच्या जंतूपासून म्युपिरोसिन प्रथम मिळालें, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल. डॉक्टरानें यांपैकीं एखादें सांगितल्यावर तें लावण्याची रीत सोपी आहे. पण तीहि पाळली जात नाहीं. आधीं हात साबणानें धुवावे. कोमट पाणी व साबण यांनीं फोडाची जागा स्वच्छ करून खपली मऊ झाल्यावर अलगद काढावी, कारण खपलीवर लाविलेलें मलम खपलीवरच राहतें. जागा टिपून कोरडी करावी व पातळ थर द्यावा. गिलावा करूं नये. ट्यूबचें तोंड जखमेस टेकवूं नये. नंतर पुन्हां हात धुवावे. बहुधा दिवसांतून दोन किंवा तीन वेळां, पांच ते सात दिवस व फार तर दहा दिवस, एवढीच याची मुदत. तीनचार दिवसांत कांहींच फरक न दिसल्यास मलम वाढविण्यांत अर्थ नसून डॉक्टरास पुन्हां दाखविण्यांत आहे. उलट दोन दिवसांत बरें वाटलें म्हणून सांगितलेली मुदत अर्ध्यावर सोडणेंहि बरें नव्हे. ज्या मुलास असे फोड आहेत त्याचा पंचा व उशीचा अभ्रा निराळा ठेवावा, नखें कापावीं. नाहीं तर एका मुलाचें दुखणें आठवड्याभरांत घरांतील सर्व मुलांस होतें.

डोळ्यांत, नाकांत वा तोंडांत तें मलम घालूं नये. मोठ्या उघड्या जखमेवर व भाजल्यावर तर मुळींच स्वतःच्या मनानें फासूं नये. म्युपिरोसिनच्या कांहीं मलमांतील आधारद्रव्य अशा जागेंतून अंगांत शिरतें व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास अपाय करूं शकतें. आणि फ्रॅमायसेटिन व त्याच्या जातीचीं औषधें मोठ्या सोललेल्या जागेंतून रक्तांत गेल्यास ऐकूं येण्यावर परिणाम होऊं शकतो. याच जातीच्या औषधानें कित्येकांच्या कातडीस खाज सुटून लाली चढते. जखम चिघळली असें समजून ते आणखी मलम लावितात, आणि मलमच दुखण्याचें कारण होऊन बसतें.

आतां ज्या वस्तूमुळें खरोखर अनर्थ झाला आहे तिच्याकडे वळूं. एकाच ट्यूबमध्यें जंतूंचें औषध, बुरशीचें औषध व त्यांवर जोरकस स्टेरॉइड असें तिघाचौघांचें मिश्रण करून विकण्याची चाल आपल्या देशांत फोफावली. रोग कोणताहि असो, यांतलें एक तरी लागेल, असा हिशेब! नायट्यावर हें लाविलें कीं स्टेरॉइडमुळें दुसऱ्याच दिवशीं खाज थांबते, लाली उतरते, व माणूस दुकानदारास दुवा देतो. परंतु त्याच स्टेरॉइडनें कातडीची रोगास अडविण्याची शक्ति दबते आणि बुरशी आंतून सुखानें पसरते. मलम थांबविलें कीं खाज दुपटीनें परत येते. म्हणून तें पुन्हां आणावयाचें. असें वर्षभर चाललें म्हणजे जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते, तीवर भेगांसारखे कायमचे पट्टे उमटतात, व नायटा अंगभर होऊन घरच्या मंडळींसहि लागतो. साधा नायटा बुरशीच्या औषधानें कांहीं आठवड्यांत बरा व्हावयाचा; पण असा बिघडविलेला नायटा बरा करतांना त्वचारोगाचे डॉक्टरहि मेटाकुटीस येतात. देशांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें याविरुद्ध एक खास कृतिदलच नेमलें.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१६ च्या मार्चांत ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली. औषधकंपन्या न्यायालयांत गेल्या. अखेर फेरतपासणी होऊन २०१८ च्या सप्टेंबरांत ३२८ मिश्रणांवर पुन्हां बंदी घालण्यांत आली, व तींत कातडीवर लावावयाचीं कांहीं मिश्र मलमेंहि होतीं. त्याच वर्षीं कित्येक स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशा औषधांच्या यादींत घातलीं गेलीं. शिवाय प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील उभी लाल रेघ लोकांस ओळखतां यावी म्हणून २०१६ पासून प्रचार झाला. पण हुकूम निघाला म्हणजे तो गांवच्या शिवेपर्यंत पोंचलाच असें नव्हे. तेव्हां ट्यूब हातीं आल्यावर तिजवरील बारीक अक्षरें शाळेंत जाणाऱ्या नातवाकडून वाचवून घ्यावीं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकीं एखादें नांव निघाल्यास तें स्टेरॉइड आहे असें समजावें, व डॉक्टरानें स्वतः पाहून लिहून दिलें नसेल तर ती ट्यूब परत करावी.

कोणी म्हणेल, माझ्या घरच्या एका ट्यूबनें जगाचें काय बिघडणार? १९२८ सालीं पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनीं १९४५ मध्यें नोबेल पारितोषिकाच्या भाषणांतच इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषध पचविण्यास शिकतात. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला तेव्हां हीं औषधें आपल्या देशांत तयार होऊं लागल्याचा केवढा आनंद होता! पुढें त्याच कारखान्याचें स्ट्रेप्टोसायक्लीन आपण कडाकरप्यावर, लिंबाच्या खैऱ्यावर व देशावरील मंडळींनीं डाळिंबाच्या तेल्यावर फवारलें. २०२१ च्या डिसेंबरांत स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन यांचा शेतींतील उपयोग बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारनें प्रसिद्ध केला, त्याचें कारण हेंच कीं माणसांच्या उपयोगाचीं औषधें शेतांत बोथट होऊं नयेत. शेताच्या बाबतींत जें धोरण पटतें तें स्वतःच्या कातडीच्या बाबतींत कां पटूं नये? शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याच्या नाकांतील चिवट जंतु काढण्यास रुग्णालयांत म्युपिरोसिनच वापरितात. तें प्रत्येक ओरखड्यावर फासून निकामी केलें तर उद्यां तो रोगी आपल्याच घरचा असणार.

मलमाच्या भरंवशावर राहून जें हातचें जातें तें याहून मोठें. गंजलेला खिळा वा विळा लागल्यास मलमानें धनुर्वात टळत नाहीं. त्याची सुई घ्यावीच लागते, आणि जखमेवर शेण, राख वा माती लावणें तर धनुर्वातास आमंत्रणच होय. कुत्रें चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तडक लशीसाठीं जावें. मलम, तिखट, चुना कांहीं भरूं नये. उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून पायाच्या भेगांवाटे लेप्टोचा रोग शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्यानें किती माणसें घेतलीं हें विसरण्याजोगें नाहीं. मलमाचा थर त्यास अडवीत नाहीं. गमबूट अडवितात, व चिखलांत काम केल्यावर ताप, अंगदुखी, डोळ्यांची लाली आल्यास त्याच दिवशीं डॉक्टराकडे जाणें जीव वाचवितें. खोल केसतूड वा गळूं असल्यास पू बाहेर काढावा लागतो. लाली पसरत चालली, पाय गरम होऊन सुजला, ताप भरला, तर तें पोटांतील वा सुईच्या औषधाचें काम. मधुमेह असणाऱ्यानें पायाची जखम कितीहि लहान असली तरी घरीं ठेवूं नये. जातां जातां हेंहि सांगावेंसें वाटतें कीं, गाईच्या सडांत सोडावयाची कासदाहाची नळी माणसाच्या जखमेवर पिळूं नये. तिची मात्रा निराळी, व कांहींत स्टेरॉइडहि असतें.

लावणीच्या दिवसांत डॉक्टराकडे गेलें तर दिवस मोडतो व फीहि पडते, ही अडचण आम्हांस खरी वाटते. तीस उत्तर दुकानदार हें मात्र नव्हे. पालिकेचीं आरोग्य केंद्रें आहेत, भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी यांच्या नांवाचें सरकारी रुग्णालय आहे. तेथें रांग लागते हें कबूल, पण तेथें पाय पाहिला जातो. मंडळाकडेहि आमचें एक मागणें आहे. पावसाळ्यापूर्वींच्या सभेंत खतांच्या हिशेबानंतर अर्धा तास त्वचारोगाच्या एखाद्या डॉक्टरास द्यावा, व सभासदांनीं त्यांस आपले पाय दाखविण्यास लाजूं नये. आणि भातावरील रोगांचीं रंगीत चित्रें जशीं आपण भिंतीवर लावितों, तशींच त्यांच्या शेजारीं नायटा, खरूज, इसब व पिकट पुळ्या यांचीं चार चित्रें, प्रत्येकाखालीं काय लावावें व काय लावूं नये हें ठळक मराठींत लिहून, मृगाच्या आधीं लागलेलीं असावीं.