दुर्बीण अजून गळ्यात

स्पितीतल्या किब्बरहून परवा पुण्याला परतलो. गाव ४,२०० मीटरच्या आसपास. तिथला उन्हाळा म्हणजे कोरडा वारा, सोललेले ओठ आणि मटारची हिरवी शेतं. तीन महिने एकच काम, भरल मोजायचे. भरल ना धड मेंढी, ना धड बकरी. रंग असा की उठून चालायला लागेपर्यंत दगडच वाटतो. हिमबिबट्या मुख्यतः याच्यावर जगतो. मोजायची रीत मला फार आवडते. एकाच दरीतून दोघांनी वेगवेगळं जायचं, एकमेकांना काही सांगायचं नाही. मग वह्या जुळवायच्या, आणि एकाला दिसलेले पण दुसऱ्याकडून निसटलेले कळप किती, त्यावरून दोघांनाही न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. किब्बरच्या लोकांनी आपल्या कुरणाचा एक भाग गुरांसाठी बंद ठेवला, तिथे भरल वाढले. गुरं राखून जगणाऱ्यांनी हे करावं, याचं मला मनापासून अप्रूप आहे. दारातच आईने विचारलं, "दिसला का रे बिबट्या?" नाही दिसला. देशातल्या पहिल्या गणनेचा २०२४ मध्ये जाहीर झालेला अंदाजच ७१८ आहे, आणि हिमालय केवढा! ठसे मात्र दिसले, विष्ठा पिशव्यांत भरून आणली, एकदा कॅमेऱ्यात नुसती जाड शेपूट आली. आईने सॅक उपसली, मोज्यात रुतलेलं कुसळ काढून तळहातावर धरलं, "हे तिकडचं?" बाहेर पाऊस लागलाय. समोरच्या टेकडीवर एक काळा दगड आहे. सकाळपासून तीनदा दुर्बीण लावून पाहिला.